खुर्चीवाली मुलगी

गादीकाकांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत. ही निंदा नाही, ते स्वतःच सगळ्यांना सांगतात, तेही हसत हसत. माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या दुकानाला लागून आहे. मधली भिंत इतकी पातळ की त्यांनी सोफ्याला खिळा ठोकला की माझ्याकडचे कागद हलतात. इतकी वर्षं आम्ही शेजारी शेजारी शटर उघडतोय. तरी बाजारात मी समोरून आले की काका माझ्याकडे असे बघतात, जणू मी विम्याची एजंट आहे आणि आता त्यांना गाठणार आहे. मग केव्हातरी मी त्यांच्या दुकानातल्या बाकावर जाऊन बसते, आणि त्यांचा चेहरा उजळतो. "अगं, तू होय! डावीकडे रेलणारी!"

माणूस बसला की त्यांना कळतो. कोण काठावर टेकतं, कोण धपकन अंग टाकतं, कोण एक पाय पोटाशी घेतं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं असतं. नाक, डोळे, मिशा यांच्याकडे त्यांचं लक्षच जात नाही. एकदा त्यांचा सख्खा थोरला भाऊ मिशी काढून परगावाहून आला, तर काकांनी त्याला विचारलं, "काय करायचंय? सोफा की गादी?" भाऊ रागाने मटकन बाकावर बसला, तेव्हा कुठे "अरे दादा!" झालं.

अशा माणसाचा धंदा चालतो कसा? तर काकूंमुळे. दुकानाच्या मागच्या बाजूला, पडद्याआड, काकू मशीनवर खोळी शिवत बसतात. पडद्याला एक फट ठेवलेली आहे. गिऱ्हाईक पायरी चढलं की आतून बारीक आवाज येतो, "बँकेतल्या मॅडम. दोन खुर्च्या, निळं कापड." लगेच काका मोठ्याने म्हणतात, "या मॅडम! तुमचं निळं झालंच समजा!" मॅडम खूश. काकू मुळात फार कमी बोलतात, पण जे बोलतात त्यावर ते दुकान उभं आहे.

काकांची एक गोष्ट आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ होती. गिऱ्हाईक जरा टेकलं की ते सुरू करायचे. "मी तेव्हा नवीनच दुकान टाकलेलं. एक मुलगी खुर्ची घेऊन आली. गोल पाठीची, सागवानी. हिरवं कापड, मधोमध फाटलेलं, आतला काथ्या बाहेर. मागचा एक पाय आखूड. मी म्हटलं ठेवून जा. ती गेली, आणि मी त्या खुर्चीकडे बघत बसलो. शेवटी आमच्या मामाला म्हटलं, जा, त्या खुर्चीवाल्या मुलीसाठी विचारून ये. आणि ही बघा, आत मशीनवर बसलीय!" इथे गिऱ्हाईक पडद्याकडे बघून हसायचं. काकू मान वर करायच्या नाहीत, मशीन मात्र एकदम जोरात चालायची. मला वाटायचं, लाजत असतील.

आता या सगळ्यात नाटक कुठून आलं, तर आमच्या ड्रिलमास्तरांकडून. शाळेतून निवृत्त झाल्यावर मुलं धाववायला मिळेनात, म्हणून त्यांनी आम्हाला धरलं. वाचनालयामागच्या सभागृहात दर वर्षी गल्लीतल्याच कोणाच्या तरी आयुष्यावर नाटक बसवायचं, अशी त्यांची टूम. शिट्टी त्यांनी सोडलेली नाही. एन्ट्री चुकली की शिट्टी, हशा मिळाला तरी शिट्टी. आणि त्यांचा एक नियम होता, तो मोडलेला त्यांना खपायचा नाही. आपली गोष्ट आपण करायची नाही, ती शेजाऱ्याने करायची. ज्याची गोष्ट असेल त्याने विंगेत पुस्तक घेऊन प्रॉम्प्टिंगला बसायचं. "स्वतःला स्वतः केलं की माणूस खोटं वागतो," असं मास्तर म्हणायचे. "विंगेत बसून आपलं आयुष्य दुसऱ्याच्या तोंडात घालायचं, म्हणजे जिभेला लगाम राहतो." गेल्या वर्षी नळवाल्याची गोष्ट झाली, तेव्हा तो विंगेतून इतक्या मोठ्याने सांगत होता की लोक त्यालाच बघत होते. पण नियम तो नियम.

या वर्षी पाळी आली गादीकाकांची. काका झाले आमचे दातांचे डॉक्टर. निवड ऐकूनच मला धडकी भरली होती. दुसऱ्याला तोंड उघडायला लावण्यात या माणसाचा जन्म गेला, स्वतःचं उघडायची वेळ आली की वाक्य गुल. आणि तरुणपणीची काकू कोण? तर मी. माझं वय बघता हा एक विनोदच होता, पण खुर्ची उचलून अख्खं स्टेज चालेल अशी दुसरी बाई मास्तरांना मिळाली नाही.

गोंधळ सुरू झाला तो माझ्याच तोंडून. तालीम चालली होती. काकू माझ्या अंगावर ब्लाऊजचं माप घेत होत्या, तोंडात टाचण्या. मी सहज विचारलं, "काकू, तुम्ही ती खुर्ची आणलीत कशी? कडेवर की डोक्यावर?"

"मला काय माहीत," काकू टाचण्यांमधून म्हणाल्या. "मी कुठे आणली? ताईने आणली."

मला वाटलं, टाचण्यांमुळे नीट ऐकू आलं नसेल. "कोणी?"

काकूंनी टाचण्या काढून हातात घेतल्या. "माझ्या ताईने. मी घरी होते, तापाने फणफणले होते."

काका खो खो हसले. "चेष्टा करते! इतक्या वर्षांत पहिल्यांदा चेष्टा केली, बघा."

काकू हसल्या नाहीत. त्यांनी काकांकडे रोखून पाहिलं. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला खरंच माहीत नाही?"

मग जे बाहेर आलं ते ऐकून मास्तरांनी तोंडात धरलेली शिट्टी तशीच राहिली. मामा विचारायला गेले होते ते खुर्चीवाल्या मुलीसाठीच. पण खुर्चीवाली म्हणजे ताई, आणि ताईचं लग्न आधीच ठरलेलं. काकूंचे वडील म्हणाले, थोरलीचं ठरलंय, धाकटी आहे. मामांना रिकाम्या हाताने परत जायची सवय नव्हती. ते म्हणाले, चालेल. आणि घरी येऊन भाच्याला एवढंच सांगितलं, "जमलं."

"अहो, पण तुम्ही मुलगी बघायला गेला असाल ना?" मी काकांना विचारलं.

"गेलो होतो की. पाहिली. छान वाटली."

"मग ही ती नव्हे, हे कळलं नाही?"

काका गोरेमोरे झाले. "ती उभी होती गं. आत आली, उभी राहिली, गेली. बसलीच नाही. आणि ती खुर्चीवाली तरी दुकानात कुठे बसली होती? बसायला होती ती एकच खुर्ची, आणि ती तर मोडलेली!"

डॉक्टर हसले. मीही हसले असते, पण काकू टाचण्या एकेक करून डबीत ठेवत होत्या. डबीचं झाकण लावून त्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं होतं, नवरा-बायकोचं भांडण, दुपारपर्यंत विरेल. दुपारी काकू स्वतःच माझ्या दुकानात आल्या, मशीनच्या बाजूला स्टुलावर बसल्या. मी म्हटलं, "काकू, एवढं काय मनावर घेता? बिचाऱ्यांना माहीतच नव्हतं."

"तेच तर," काकू म्हणाल्या. "मला वाटायचं, यांना माहीत आहे. ताई मिळाली नाही, मी मिळाले, हे माहीत असून लोकांत मला कमीपणा नको म्हणून ताईच्या जागी मला घालून सांगतात. दर वेळी ती गोष्ट ऐकताना माझ्या मनात यायचं, किती सांभाळतो हा माणूस मला. त्यावर मी अख्खा संसार केला गं. आणि यांना माहीतच नव्हतं."

"पण मग ते खोटं बोलत नव्हते. हे बरंच नाही का?"

"बरं कसं? माहीत असून मला घेतलं असतं, तर मला घेतलं असतं. माहीत नसताना घेतलं ते कोणाला?"

मी झेरॉक्सचं झाकण उघडलं आणि काही न ठेवता बंद केलं. माझं डोकं चालेना. खोटं बोलणारा नवरा चांगला आणि खरं बोलणारा वाईट, हा हिशोब मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि गंमत म्हणजे तो मला पटतही होता.

"एकदाच सांगू देत," काकू उठता उठता म्हणाल्या. "खुर्चीवाली मुलगी म्हणतात तेव्हा यांच्या मनात कोण असतं? ताई असेल तर ताई सांगू देत. मी काही घर सोडून जाणार नाही या वयात. पण मला कळू दे. मी नाटकाला येऊन बसणार आहे, आणि विंगेत पुस्तक घेऊन तेच बसणार आहेत. डॉक्टरांच्या तोंडात काय घालतात ते मी ऐकीन."

तेव्हापासून पडद्याआडून आवाज येईनासा झाला. मशीन चालायची, खोळी वेळेवर व्हायच्या, पण कोण आलं ते काकू सांगेनात. दुकानाचं गाडं असं अडलं की बघवेना. बँकेतल्या मॅडमच्या निळ्या खुर्च्या न्हाव्याच्या दुकानात पोचल्या, न्हाव्याची रेक्झिनची सीट मॅडमच्या दिवाणखान्यात. काका प्रत्येकाला आधी "बसा, बसा" म्हणायचे आणि बसेपर्यंत जीव मुठीत धरून उभे राहायचे. लोकांना वाटायचं, काय आदर आहे!

मास्तरांना वाटलं, यात अवघड ते काय? ताईलाच विचारू. ताई दुसऱ्या शहरात असतात. मास्तरांनी तालमीच्या वेळी फोन लावला, स्पीकरवर टाकला. काकू नव्हत्या, काका कोपऱ्यात उभे. ताई मनापासून हसल्या. "ती गोल पाठीची ना? मीच नेली होती. पण एकटी कुठे, ही होती की माझ्याबरोबर! बाहेर सायकल धरून उभी होती. आत यायला घाबरत होती वेडी."

आम्ही सगळे काकांकडे बघायला लागलो. मी धावत जाऊन काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, "ताईला काय आठवतंय? मला ताप होता. माझ्या अंगावर दोन पांघरुणं होती." झालं! आगीतून फुफाट्यात. एकीने खुर्ची आणली, दुसरी एकाच वेळी सायकल धरून उभीही होती आणि पांघरुणात झोपलेलीही होती, आणि ज्याने हे सगळं पाहिलं त्याला फक्त काथ्या आठवत होता.

मास्तरांनी सुचवलं, दोन मुली आणू स्टेजवर, एक खुर्चीवाली, एक सायकलवाली. डॉक्टर घाबरून म्हणाले, "मग मी कोणाकडे बघू?" ते म्हणाले ते चुकीचं नव्हतं. शेवटी पुस्तकात होतं तेच ठेवायचं ठरलं.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी मी काकांच्या बाकावर जाऊन बसले. ते एका दिवाणाचं कापड उसवत होते, पण उसवून झालेल्या बाजूलाच पुन्हा पुन्हा हात फिरवत होते.

"काका, सरळ सांगून टाका ना, तूच होतीस म्हणून. ताईही म्हणतातच की काकू बाहेर उभ्या होत्या. सोडवा एकदाचं."

"ती लगेच ओळखेल," काका म्हणाले. "आणि खोटं बोलायचं तर आधी खरं माहीत पाहिजे ना गं! माझ्याकडे तेही नाही." त्यांचे डोळे भरून आले होते. "रोज डोळे मिटून बसतो मी. खुर्ची लख्ख दिसते. तिने मला इतक्या वर्षांत हजार माणसं ओळखून दिली, आणि मला ती एक ओळखता येऊ नये?"

मला त्यांचा राग आला होता, तो तिथे संपला. पुढे काय होणार ते मात्र मला अजिबात कळेना.

प्रयोगाला सभागृह भरलं. गोष्ट गल्लीभर झाली होती, त्यामुळे जे कधी नाटकाला फिरकत नाहीत तेही आले होते. काकू तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, हात मांडीवर घेऊन. पहिला प्रवेश बरा गेला. डॉक्टरांनी दुकान टाकलं, हातोडी आपटली, बोटावर मारून घेतली, लोक हसले, मास्तरांची शिट्टी झाली. मग माझी एन्ट्री. मी गोल पाठीची खुर्ची कडेवर घेऊन आले, "ही दुरुस्त होईल का?" म्हणाले, आणि ठरल्याप्रमाणे उभी राहिले.

आता डॉक्टरांनी लोकांकडे वळून म्हणायचं होतं, "तिला पाहिलं आणि मी तेव्हाच ठरवलं." डॉक्टर वळले. तोंड उघडलं. काही नाही. त्यांनी विंगेकडे पाहिलं.

विंगेतून काहीच आलं नाही. मला तिथून काका दिसत होते. पुस्तक मांडीवर उघडं होतं, बोट ओळीवर होतं, आणि ते ओळीकडे बघत नव्हते. डॉक्टरांनी घसा खाकरला. पुन्हा विंगेकडे पाहिलं. माझा हात भरून आला होता, पण खुर्ची खाली ठेवायचा धीर होईना. मास्तरांनी शिट्टी तोंडाला नेली, आणि काका उठले.

ते सरळ स्टेजवर आले. दिव्यांनी त्यांचे डोळे दिपले असावेत, कपाळावर हात धरून ते अंधारात शोधत राहिले. रांगांमध्ये सगळे बसलेले होते, त्यामुळे त्यांना वेळ लागला नाही.

"अगं," ते म्हणाले, "मला सापडत नाही."

काकू तिसऱ्या रांगेतून म्हणाल्या, "काय सापडत नाही?"

"ती मुलगी. मी खूप शोधली. खुर्ची येते, कापड येतं, पाय आखूड तोही येतो. आणि वर बघितलं की तू असतेस. पण तेव्हाची नाही. आत्ताची. हा चष्मा, हे पिकलेले केस, गळ्यात माप घ्यायची टेप. तशीच दुकानाची पायरी चढून येतेस. हे चुकीचं आहे, एवढं मलाही कळतं. तेव्हा तू म्हातारी नव्हतीस. पण दुसरं कोणी येतच नाही, मी काय करू?"

मागे कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. हे नाटकात आहे की नाही, ते लोकांना कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं, आणि मी तर स्टेजवर होते.

"आणि ताई?" काकूंनी विचारलं.

"ताईचा चेहरा मला कधीच आठवला नाही. तुझ्या ताईलाही मी बसल्यावरच ओळखतो. विचार तिला."

काकू उठल्या. बाजूच्या पायऱ्यांनी वर आल्या. डॉक्टर बाजूला झाले, मास्तरांची शिट्टी वाजली नाही. काकू माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता मला काहीतरी बोलतील.

"दे ती इकडे," त्या म्हणाल्या.

त्यांनी माझ्याकडून खुर्ची घेतली. ती जड होती, त्या थोड्या वाकल्या, मी धरायला पुढे झाले तर डोळ्यांनीच मला मागे सारलं. त्या खुर्ची घेऊन विंगेत गेल्या. स्टेजवर काका, डॉक्टर आणि मी, तिघं तीन दिशांना उभे. मग विंगेतून काकू परत आल्या, कडेवर खुर्ची, चष्मा नाकावर घसरलेला, डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसायला हात मोकळा नव्हता.

त्यांनी खुर्ची काकांच्या पुढ्यात ठेवली, आणि उभ्याच राहिल्या.

"ही दुरुस्त होईल का?" काकूंनी विचारलं. "आणि आता नीट बघून ठेवा."

काकांनी खुर्चीकडे पाहिलंच नाही.